स्टॅनली चषकाची अंतिम मालिका कोल्हापुरातून : एका सशुल्क प्रक्षेपण सेवेचे परीक्षण

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, बर्फावरील हॉकीचे सामने घरबसल्या पाहण्यासाठी 2025 च्या प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, काळात मी जी सशुल्क इंटरनेट सेवा घेतली, तिचे हे परीक्षण आहे. प्रक्षेपणाचे हक्क एका हंगामातून दुसऱ्या हंगामात वेगळ्या अ‍ॅपकडे जाऊ शकतात, म्हणून सेवेच्या नावापेक्षा ती घेताना काय पाहावे यावर येथे भर दिला आहे. माझी कसोटी एकच होती : दोन संघांमधील एक संपूर्ण मालिका, पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत, त्याच क्रमाने आणि पुढचे काही आधी न कळता, कोल्हापुरातील घरात बसून नीट पाहता येते का? एखाद्या सामन्याची दहा मिनिटांची क्षणचित्रे कोठेही फुकट मिळतात. पैसे मोजायचे असतील तर ते मालिकेसाठी मोजावेत, असे माझे ठाम मत आहे.

मालिकेवर एवढा भर का, हे आधी सांगायला हवे. प्लेऑफमध्ये 16 संघ येतात, चार फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळतात. आधी चार सामने जिंकणारा संघ पुढे जातो. शाहू स्टेडियमवर फुटबॉल पाहत वाढलेल्या माणसाला यातील गंमत लगेच उमगते. पाटाकडील आणि खंडोबा किंवा दिलबहार आणि प्रॅक्टिस हे संघ एकाच हंगामात आधी लीगमध्ये आणि मग बाद फेरीच्या स्पर्धेत पुन्हा समोरासमोर आले, की मागच्या सामन्यातील धसमुसळेपणा, पंचांचा वादाचा निर्णय आणि गोलरक्षकाच्या हातून निसटलेला चेंडू या साऱ्याचा हिशेब गॅलरीत सामन्याआधीच सुरू झालेला असतो. एनएचएलच्या मालिकेत हा हिशेब जेमतेम दोन आठवड्यांत सात वेळा मांडला जाऊ शकतो. प्रशिक्षक रात्रीतून डावपेच बदलतात, जायबंदी खेळाडू दुखणे लपवून उतरतात, आणि पहिल्या सामन्यात चाललेली युक्ती चौथ्या सामन्यापर्यंत निकामी झालेली असते. हे बदल क्षणचित्रांत दिसत नाहीत.

2025 ची अंतिम मालिका तर या दृष्टीने फारच समृद्ध होती, कारण एडमंटन ऑयलर्स आणि फ्लोरिडा पँथर्स हे दोन्ही संघ आदल्या वर्षीही अंतिम फेरीत भिडले होते. 2024 मध्ये फ्लोरिडाने पहिले तीन सामने जिंकले, एडमंटनने पुढचे तीन जिंकून बरोबरी साधली आणि सातवा सामना फ्लोरिडाने 2-1 असा जिंकून आपला पहिला स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, मिळवला. पराभूत संघात असूनही एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडला प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ पुरस्कार मिळाला. एडमंटनने चषक शेवटचा जिंकला तो 1990 मध्ये, आणि कॅनडातील कोणत्याही संघाने तो शेवटचा उंचावला 1993 मध्ये. एवढी पार्श्वभूमी मनात ठेवून पहिला सामना लावला की प्रत्येक धक्क्याला अर्थ येतो. ही 2024 ची मालिका सेवेच्या संग्रहात संपूर्ण उपलब्ध होती, ही तिची माझ्या लेखी सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. नव्या प्रेक्षकाने आधी ती पाहावी.

आता वेळेविषयी. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडील पहाटेचे साडेपाच. कोल्हापूरला ही वेळ मुळीच गैरसोयीची नाही. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी येतात, तालमींत जोर-बैठका सुरू असतात, रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची पहिली फेरी पूर्ण होत आलेली असते. रात्री साडेबाराला सुरू होणाऱ्या युरोपीय फुटबॉलसाठी झोपमोड करणाऱ्यांना तर ही वेळ वरदानच वाटेल. प्रश्न येतो तो सामना लांबल्यावर. नियमित हंगामात बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचा छोटा जादा वेळ आणि मग शूटआउट असते. प्लेऑफमध्ये शूटआउट नाही. वीस-वीस मिनिटांचे संपूर्ण डाव खेळवले जातात आणि पहिला गोल होईपर्यंत सामना चालूच राहतो. 2025 च्या या मालिकेतील सहापैकी तीन सामने जादा वेळेत गेले. दुसरा सामना तर दुसऱ्या जादा डावापर्यंत लांबला. आपल्याकडे तेव्हा 7 जूनची सकाळ होती आणि नऊ वाजून गेले होते. शनिवार होता म्हणून निभावले, पण 5 जूनचा पहिला सामना गुरुवारी होता. नोकरदार माणसाला अशा दिवशी सामना अर्धवट सोडून निघावेच लागते आणि उरलेला भाग संध्याकाळी पाहावा लागतो. म्हणूनच मागाहून पाहण्याची सोय किती चांगली आहे यावर अशा सेवेचे खरे मूल्य ठरते. इथेच या सेवेत सर्वांत मोठी उणीव आढळली.

निकाल लपवण्याचा पर्याय सेवेत आहे आणि तो सुरू केल्यावर यादीतील गोलसंख्या दिसेनाशी होते. परंतु प्रत्येक सामन्याच्या चित्रफितीखाली तिची एकूण लांबी मात्र छापलेली राहते. दुसऱ्या सामन्याची फीत इतरांपेक्षा बरीच लांब आहे हे एकदा दिसले की शेवटच्या मिनिटाला एडमंटन बरोबरी साधणार, हे आधीच कळते. त्या सामन्यात फ्लोरिडा 4-3 ने पुढे होते आणि केवळ 17.8 सेकंद उरले असताना चाळीस वर्षांच्या कोरी पेरीने बरोबरीचा गोल केला. गोलरक्षक काढून सहावा आक्रमक उतरवलेला, जाळ्यासमोर गर्दी, घड्याळ संपत आलेले, अशा क्षणी प्रेक्षकाचा श्वास अडकायला हवा. पडद्याच्या तळाशी अजून बरीच पट्टी शिल्लक दिसत असेल तर तो अडकत नाही. शिवाय यादीत सहावा सामना दिसतो, म्हणजे पाचव्यात चषकाचा निकाल लागलेला नाही, हेही उघड होते. उपाय अवघड नाही : सर्व फितींची लांबी सारखी दाखवावी, शेवटी रिकामा पडदा जोडावा, आणि यादीत सातही सामन्यांच्या जागा ठेवाव्यात. मी हे ग्राहक सेवेला सविस्तर लिहून कळवले. उत्तरादाखल पासवर्ड बदलण्याची पद्धत सांगणारा ठरावीक मजकूर आला. तोवर स्वतःपुरता उपाय असा की फीत घरातील दुसऱ्या कोणीतरी सुरू करून द्यावी आणि खालची पट्टी लपेल अशा पूर्ण पडद्यावरच ती पाहावी. घरातल्या माणसाने आधी निकाल पाहिलेला नसावा, हे वेगळे सांगायला नको.

थेट पाहतानाही एक काळजी घ्यावी लागते. इंटरनेटवरील प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळाच्या बरेच मागे चालते. एका गोलावर संपणाऱ्या जादा वेळेत हे अंतर फार जाचते, कारण पडद्यावर पक, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असणारी चकती, अजून मधल्या भागात फिरत असताना हातातील मोबाइलवर निकालाची सूचना येऊन पडते. सामना सुरू होण्याआधी सर्व क्रीडाविषयक अ‍ॅपच्या सूचना बंद करणे हाच मार्ग आहे.

चित्राच्या दर्जाबद्दल मात्र मनापासून समाधान आहे, आणि या खेळात त्याचे महत्त्व इतर कोणत्याही खेळापेक्षा जास्त आहे. पक ही कठीण केलेल्या रबराची जेमतेम तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती असते. बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. जोरदार फटक्यात ती ताशी 150 किलोमीटरच्या पुढे सहज जाते. त्या वेगाने ती सेकंदाला सुमारे 42 मीटर कापते. सेकंदाला 30 चित्रे दाखवणाऱ्या प्रक्षेपणात एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ती जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेली असते आणि डोळ्यांना दिसतात ते नुसते काळे ठिपके. 60 चित्रे दाखवणाऱ्या प्रक्षेपणात हे अंतर निम्मे होते आणि फटका कोणाच्या काठीवरून निघाला व कोणाच्या पायाला लागून वळला हे समजू लागते. ही सेवा 60 चित्रांनी दाखवते, पण इंटरनेटचा वेग घसरला की न सांगता खाली येते. म्हणून पाहण्याचा दर्जा 'आपोआप' वर न ठेवता स्वतः निवडून ठेवावा. मोबाइलवर हा खेळ पाहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद बर्फाचे मैदान तळहाताएवढ्या काचेवर आणले की पक दिसत नाही, आणि नवा माणूस खेळालाच नावे ठेवून उठतो. भिंतीवरचा मोठा टीव्ही आणि थोडा कमी केलेला उजेड, एवढे असले की पांढऱ्या बर्फाचा त्रासही होत नाही.

2025 मध्ये आपल्याकडे पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच आला आणि जूनमध्ये पहाटे वीज जाण्याचे प्रकार आमच्या भागात अधूनमधून होत राहिले. वीज गेल्यावर मोबाइलच्या डेटावर सामना पुढे चालू करता येतो का, हे मी मुद्दाम पाहिले. येतो, आणि जिथे थांबला होता तिथूनच येतो. ही सोय विनातक्रार चालली. राऊटरला छोटा बॅटरी बॅकअप लावला तर तीही वेळ येत नाही.

प्रक्षेपणातील समालोचन इंग्रजी आहे आणि ते दोन प्रकारांत निवडता येते. अमेरिकी समालोचनात मध्यंतरीच्या गप्पा अधिक असतात. कॅनडाच्या समालोचनात खेळाची बारकाईने फोड केलेली असते आणि शिकू पाहणाऱ्याने तेच निवडावे. नियम समजावून देण्याचे काम ते किती चांगले करतात याचे उदाहरण पहिल्या सामन्यातच मिळाले. 3-3 अशी बरोबरी, जादा वेळ संपत आलेली, आणि फ्लोरिडाच्या टॉमस नोसेकने आपल्या बचावाच्या भागातून मारलेली पक कोणालाही न लागता थेट काचेवरून बाहेर गेली. यात कोणाला धक्का नाही, कोणाला इजा नाही. तरी नियमाने दोन मिनिटे एक खेळाडू कमी करून खेळावे लागते, कारण दबावाखाली वेळकाढूपणा करण्याची पळवाट बंद व्हावी हा त्यामागील हेतू आहे. समालोचकांनी त्या अर्ध्या मिनिटात हे नेमके सांगितले, आणि त्याच पॉवर प्लेवर, म्हणजे फ्लोरिडाचा एक खेळाडू कमी असताना, एडमंटनच्या लिऑन ड्रायसायटलने विजयी गोल केला. तेव्हा जादा वेळेचे 19 मिनिटे 29 सेकंद झाले होते.

भारतीय भाषांपैकी एकीत बर्फावरील हॉकीचे समालोचन होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. कॅनडात 2008 पासून 'हॉकी नाइट इन कॅनडा'चे पंजाबी समालोचन सुरू झाले आणि हरनारायण सिंग यांचे नाव त्यातून सर्वदूर पोहोचले. ते प्रक्षेपण या सेवेत मिळत नाही. ते मिळावे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या मातीतील लयीत हा खेळ ऐकला की तो परका राहत नाही. खासबागच्या कुस्ती मैदानात डाव पडण्याआधी तो ओळखून सांगणारे आणि हजारोंच्या गर्दीला एका आवाजात बांधून ठेवणारे निवेदक ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना मराठीत हे किती रंगेल याची कल्पना येईल.

सेवेच्या एका गोष्टीचे विशेष कौतुक करायचे आहे, ती म्हणजे संपूर्ण मैदान सतत दाखवणाऱ्या उंचावरील कॅमेऱ्याचा वेगळा पर्याय. तो निवडल्यावर चेहरे जवळून दिसत नाहीत, पण मालिकेतील खरी बुद्धिबळे त्यातच दिसतात. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतात आणि बाकावर परततात. त्यांच्या जागी ताजे खेळाडू चालू खेळातच उड्या मारून येतात. खेळ थांबलेला असेल तेव्हा मात्र पाहुण्या संघाला आपले खेळाडू आधी जाहीर करावे लागतात आणि यजमान प्रशिक्षक ते पाहून आपले निवडतो. घरच्या मैदानाचा फायदा केवळ आरोळ्यांचा नसून या शेवटच्या निवडीचा असतो. एडमंटनला सामन्यांची सुरुवात घरी मिळाली होती. फ्लोरिडात गेल्यावर तिसऱ्या सामन्यात त्यांचा 6-1 असा धुव्वा उडाला.

चौथा सामना ज्यांनी केवळ संक्षिप्त रूपात पाहिला त्यांच्याबद्दल मला वाईट वाटते. फ्लोरिडाने पहिल्याच डावात 3-0 अशी आघाडी घेतली आणि एडमंटनच्या प्रशिक्षकांनी गोलरक्षक स्टुअर्ट स्किनरला बाहेर काढून कॅल्विन पिकार्डला उभे केले. आमच्या शेजारचे मामा, ज्यांनी उमेदीत पेठेच्या संघाचा गोल सांभाळला आहे, ते चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "आता ह्या पोराकडं गमवायला काय नाही, बघ कसा उभा राहतोय." दुसऱ्या डावात एडमंटनने तिन्ही गोल फेडले. तिसऱ्या डावात जेक वॉलमनने आघाडी मिळवून दिली, आणि 19.5 सेकंद उरले असताना सॅम राइनहार्टने फ्लोरिडाला बरोबरी साधून दिली. म्हणजे दुसऱ्या सामन्यात एडमंटनने जे केले होते, तेच दोन सामन्यांनंतर त्यांच्यावर उलटले. जादा वेळेत पुन्हा ड्रायसायटलच धावून आला. एकाच प्लेऑफमध्ये जादा वेळेतील त्याचा हा चौथा गोल, आणि असा पराक्रम त्याआधी कोणीही केला नव्हता. संक्षिप्त फितीत हे सर्व गोल आहेत. गोलांच्या मधले पिकार्डचे अडवलेले फटके, पहिल्या मध्यंतरानंतर एडमंटनच्या धावण्यात आलेला जोर, फ्लोरिडाच्या बचावपटूंची लांबत गेलेली पाळी, हे त्यात नाही, आणि त्याशिवाय 3-0 चे 5-4 कसे झाले ते कळत नाही.

मालिका 2-2 अशी बरोबरीत आल्यावरचे दोन्ही सामने एकतर्फी झाले. पाचव्यात ब्रॅड मार्शँडने दोन गोल करून फ्लोरिडाला 5-2 असा विजय मिळवून दिला. अनेक वर्षे बोस्टनचा आधारस्तंभ असलेला हा सदतीस वर्षांचा खेळाडू मार्चमध्येच फ्लोरिडाकडे आला होता. सहाव्यात राइनहार्टने चार गोल केले, फ्लोरिडाने 5-1 ने जिंकून सलग दुसरा चषक घेतला आणि प्लेऑफमध्ये 15 गोल करणाऱ्या सॅम बेनेटला कॉन स्मिथ पुरस्कार मिळाला. चषकप्रदान आणि खेळाडूंचे हस्तांदोलन सेवेने कोणतीही काटछाट न करता दाखवले, याची नोंद घ्यायला हवी. अनेक खेळांच्या प्रक्षेपणात असा भाग जाहिरातींसाठी कापला जातो.

जाहिरातींचा येथेही थोडा त्रास आहे. मैदानाच्या कठड्यावरील जाहिराती संगणकाने प्रक्षेपणात चढवलेल्या असतात आणि चालू खेळात त्या हलतात, बदलतात. नजर पकवरून सरकते आणि नव्या प्रेक्षकाचा गोंधळ होतो. उलट, खेळ थांबतो त्या वेळी सेवेकडे दाखवायला जाहिराती नसल्याने एकच स्थिर चित्र आणि तेच संगीत वारंवार येते. ते कंटाळवाणे असले तरी पाणी तापवायला आणि पोहे परतायला उपयोगी पडते, म्हणून त्याची मोठी तक्रार करणार नाही.

एका वेळी दोन उपकरणांवर पाहता येते. टीव्हीवरील अ‍ॅप मोबाइलवरील अ‍ॅपपेक्षा संथ आहे. सामना उघडायला वेळ लागतो, म्हणून साडेपाचच्या थोडे आधीच तो लावून ठेवावा. शोधण्याची सोय चांगली असून संघाचे नाव टाकले की जुने सामने तारखेनुसार मिळतात. या तारखा मात्र अमेरिकेच्या असतात. 17 जूनचा सहावा सामना आपल्याकडे 18 जूनच्या पहाटे झाला, हे लक्षात ठेवून शोधावे.

शुल्काचा विचार केला तर एका महिन्याचे पैसे चौघांच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ताटांच्या बिलाहून कमी होतात, आणि त्यात एका मालिकेचे सर्व सामने व मागील हंगामाचा संग्रह मिळतो. माझ्या मते ही किंमत रास्त आहे. वर्षभराची वर्गणी मात्र कोल्हापुरातील सामान्य प्रेक्षकाने घेऊ नये. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि नियमित सामने इतके असतात की त्यांचा माग ठेवणे अशक्य होते. प्लेऑफ एप्रिलच्या मध्यास सुरू होऊन जूनमध्ये संपतात. एकाच मालिकेवर लक्ष असेल तर मेच्या अखेरीस एका महिन्याची वर्गणी पुरते. ती आपोआप पुढे चालू राहते आणि बंद करण्याचा पर्याय अ‍ॅपमध्ये नसून संकेतस्थळावरील खात्याच्या पानावर, देयकांच्या जुन्या नोंदींच्या खाली आहे. पैसे भरले त्याच दिवशी तेथे जाऊन नूतनीकरण बंद करावे. तसे केल्यावरही भरलेला महिना पूर्ण होईपर्यंत सर्व सामने दिसत राहतात.